दगडातला बुडबुडा आणि कळकलेलं पाणी

पावसाळा संपला की त्र्यंबकच्या रस्त्याला एक पोरगा फडक्यावर दगड मांडून बसतो. पांढऱ्या सुयांचे गुच्छ, फिक्या केशरी पाकळ्या, काचेसारखे हिरवट चौकोनी मनोरे. आपल्याकडे विहीर खणताना किंवा खडी फोडताना निघतात तेच. गेल्या वेळी त्यानं पेरूएवढी एक गुळगुळीत गोटी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "काका, उन्हाकडं धरा आन् हळूच तिरकी करा."

तिरकी केली. आत पाण्याची रेघ हलली आणि तिच्यावरून एक बुडबुडा इकडून तिकडे गेला, गवंड्याच्या पाणसळीतला जातो तसा.

"सहा कोटी वर्षांपूर्वीचं पाणी आहे काका. हजाराला देतो."

घासाघीस करून सहाशेला घेतली. पोरगा म्हणाला ते खरं की खोटं, हे शेवटी सांगतो. मधल्या वेळात सांगायचं आहे ते असं: असाच बुडबुडा, पण केसाच्या जाडीहून कितीतरी लहान, जगभरातल्या तांब्या-सोन्याच्या खाणींमधल्या दगडांत असतो. भू-रसायनशास्त्रज्ञ त्या बुडबुड्याला प्रश्न विचारतात आणि तो खरोखर उत्तरं देतो. इथे सोनं कसं आलं, किती तापलेल्या पाण्यातून आलं, ते पाणी किती खारट होतं आणि ते नेमकं इथेच का थांबलं.

आधी आपल्या पायाखालचं पाहू. नाशिकचा काळा कातळ म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. लाव्हात वायू विरघळलेले असतात. तो वर येतो, दाब उतरतो, वायूचे फुगे सुटतात आणि थिजताना ते फुगे जागच्या जागी पोकळ्या होऊन राहतात, अनारशाला जाळी पडावी तसे. पुढे या पोकळ्यांत कोमट-गरम पाणी झिरपत राहिलं. ते आजूबाजूच्या कातळातून सिलिका, कॅल्शियम, सोडियम घेत आलं आणि पोकळीच्या भिंतींवर स्फटिक करत गेलं. झिओलाइट जातीची खनिजं, अपोफिलाइट, कॅल्साइट, गारगोटी. पांडवलेण्याच्या परिसरातल्या खाणींतले नमुने जगभरच्या संग्रहांत आहेत. लांब जायचं नसेल तर सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत गारगोटी म्युझियम आहे, तिथे एक दुपार काढावी. हे स्फटिक लाव्हाबरोबर जन्मलेले नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा. लाव्हा थिजल्यावर, काही तर कितीतरी उशिरा, हप्त्याहप्त्यानं तयार झालेले आहेत. पोराचं "सहा कोटी" इथेच थोडं डळमळायला लागतं.

स्फटिक वाढताना पाणी आत कसं कोंडलं जातं, हे पाहायचं तर खडीसाखर घ्या. पाकात दोरा सोडला की त्यावर साखरेचे खडे चढतात. खडा सगळीकडून सारखा वाढत नाही. कुठे खाच राहते, कुठे कड आधी पुढे जाते, आणि ती खाच वरून झाकली गेली की पाकाचा एक थेंब आत अडकतो. दगडाचा स्फटिक असाच वाढतो, फक्त पाकाच्या जागी खनिजं विरघळलेलं पाणी. ज्या पाण्यातून स्फटिक झाला त्याच पाण्याचा नमुना त्याच्या पोटात सीलबंद. शास्त्रात याला फ्लुइड इन्क्लूजन म्हणतात, मराठीत द्रव-समावेश असा शब्द चालतो. मी आपली 'कुपी' म्हणतो, अत्तराची असते तशी.

या कुप्या बहुतेक करून मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या असतात. माणसाचा केस त्यापेक्षा पाच-सात पट जाड. पण संख्या अफाट. लहानपणी अंधारात एकमेकींवर घासून ठिणग्या पाडायचो त्या दुधी गारगोट्या आठवतात? त्यांचा दुधी रंग म्हणजे कसलाही रंग नव्हे. आतल्या असंख्य कुप्यांवर उजेड आपटून विखुरतो, म्हणून ती पांढरी दिसते. ढग ज्या कारणानं पांढरा, त्याच कारणानं गारगोटी दुधी.

मग बुडबुडा कुठून आला? कोंडताना तर तो नसतो. घरी टोमॅटोचा सॉस उकळता उकळता बाटलीत काठोकाठ भरून झाकण घट्ट लावलंय कधी? सकाळी पाहिलं तर सॉस खाली बसलेला असतो, झाकण आत ओढलेलं असतं आणि वर रिकामी जागा. गार होताना द्रव आकसतो, बाटली जवळपास तेवढीच राहते. कुपीचंही तसंच. गरम पाणी कोंडलं गेलं, पुढे डोंगर थंड झाला, पाणी आकसलं, दगडाची पोकळी जवळपास तशीच राहिली आणि उरलेल्या जागेत बुडबुडा तयार झाला. त्यात हवा नसते, पाण्याचीच वाफ असते, कधी थोडा कार्बन डायऑक्साइड.

इथून हिशेब सुरू होतो. पाणी जितकं गरम असताना कोंडलं, तितका बुडबुडा मोठा. दाबाची भानगड बाजूला ठेवून साध्या पाण्याचे आकडे धरले तर १०० अंश सेल्सिअसला कोंडलेल्या कुपीत बुडबुडा चारेक टक्के जागा व्यापतो, २०० अंशांना तेरा-चौदा टक्के, ३०० अंशांना जवळजवळ तीस. आता उलटं करा. कुपी पुन्हा तापवत न्या. बुडबुडा लहान होत जाईल, थरथरेल आणि एका क्षणी नाहीसा होईल. ज्या तापमानाला गेला ते लिहून घ्या. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या पाण्याचा ताप तुम्ही आत्ता मोजलात.

ही युक्ती हेन्री क्लिफ्टन सॉर्बी नावाच्या इंग्रज माणसानं १८५८ साली मांडली. शेफील्डचा, घरचा सधन, नोकरीची गरज नसलेला. दगडाचा पातळ काप करून तो सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, तर लोक हसायचे की डोंगर काय सूक्ष्मदर्शकातून बघायचे असतात! त्यानंतर शंभर वर्षं या पद्धतीवर शंका घेतल्या गेल्या. कुपी गळत नसेल कशावरून? दगड फुगला-आक्रसला नसेल कशावरून? शंका रास्तच होत्या. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातल्या एडविन रोडर यांनी आयुष्यभर या शंकांना एकेक करून उत्तरं दिली, आणि १९८४ साली या विषयाचा जाडजूड ग्रंथ लिहिला. पद्धत खऱ्या अर्थानं रुळली ती त्यांच्या पिढीत.

प्रयोगशाळेत हे कसं चालतं ते थोडक्यात. दगडाचा दोन्ही बाजूंनी पॉलिश केलेला, पापुद्र्यासारखा काप करतात. तो सूक्ष्मदर्शकाखाली एका छोट्या डबीवजा यंत्रात ठेवतात. त्या डबीत एका बाजूनं द्रवरूप नायट्रोजनची थंडी सोडता येते, दुसऱ्या बाजूनं विजेचा ताप देता येतो. बस, मग डोळे लावून बसायचं. एम.एस्सी.ला असताना मी एकदा कॅल्साइटच्या कापावर सबंध सकाळ घालवली होती. बुडबुडा अगदी बारीक झाला होता, आणि मी अधीर होऊन ताप भराभर वाढवला. फट् झालं. आवाज आला नाही, पण कुपी तडकून पाणी उडून गेलं आणि तिथे काळा डाग राहिला. सर मागे उभे होते. म्हणाले, "घाई कुणाला होती? दगडाला तर नव्हती." कॅल्साइट मऊ, आतून दाब आला की ताणतं, तडकतं. गारगोटी टणक, ती बरंच सोसते. म्हणून या कामात गारगोटीचा शब्द जास्त मानला जातो.

तापवणं झालं, आता गोठवणं. साधं पाणी शून्य अंशाला गोठतं. समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्के मीठ, ते उणे १.९ अंशाच्या आसपास. दहा टक्के मिठाचं पाणी साधारण उणे साडेसहा. कुपी पूर्ण गोठवायची आणि अगदी सावकाश गरम करत बर्फाचा शेवटचा कण कधी वितळतो ते पाहायचं, की पाण्याची खारटी कळली. साध्या मिठाच्या बाबतीत हे गणित उणे २१.२ अंशांपर्यंत चालतं, तेव्हा मीठ २३ टक्क्यांच्या वर असतं. त्याहून फारच खारट पाणी असेल तर मोजायचीही गरज पडत नाही. कुपीत बुडबुड्याशेजारी चक्क मिठाचा एक इवलासा चौकोनी खडा बसलेला दिसतो. गार होताना पाण्यातून मीठ बाहेर पडलं, आणि पडायला जागा तेवढीच. मला या सगळ्या विषयात सर्वांत देखणं काही वाटत असेल तर हा घन. कडा इतक्या रेखीव, की कुणी कोरून ठेवलाय असं वाटावं.

कुपी न फोडता आतला वायू ओळखायचा तर रामन परिणाम कामाला येतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात शोधलेला, ज्याच्या स्मरणार्थ आपण विज्ञान दिन साजरा करतो तोच. लेसरचा किरण बुडबुड्यावर टाकायचा, परत येणाऱ्या उजेडातला किंचित रंगबदल वाचायचा. कार्बन डायऑक्साइड, मिथेन, प्रत्येकाची खूण वेगळी. आणि अगदीच मुळाशी जायचं असेल तर आणखी जोरदार लेसरनं एकच कुपी फोडायची आणि उडालेल्या कणांतले धातूंचे अणू मोजायचे. या मोजणीनं एक गैरसमज मोडला. काही धातुक, म्हणजे धातूची कच्ची खनिजं, घडवणाऱ्या पाण्यात धातू आपण समजत होतो त्यापेक्षा कितीतरी जास्त विरघळलेला होता.

पण पाण्यात धातू विरघळतोच कसा?

या प्रश्नाचं उत्तर आपल्या आज्यांना पाठ होतं. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं की ते कळकतं. हिरवट होतं, तुरट लागतं, पोटात मळमळतं. कळकणं म्हणजे भांड्यातलं तांबं ताकात उतरणं. आता दिवाळीआधी देवघरातला तांब्या घासायला काय घेतो? चिंच आणि मीठ. नुसती चिंच चोळून पाहा, नुसतं मीठ चोळून पाहा, मग दोन्ही मिळून चोळा. दोन्ही मिळून जे होतं ते एकेकट्यानं होत नाही. चिंचेतलं आम्ल तांब्यावरचा काळा थर सोडवतं, आणि मिठातलं क्लोराइड सुटलेल्या तांब्याला कडेवर घेतं, पुन्हा बसू देत नाही. भांडी बाजारातल्या कुठल्याही दुकानात विचारा, चिंच-मिठाचा हा अनुभव ते सांगतील. क्लोराइडची गोष्ट सांगणार नाहीत, पण ती आतून चालूच असते.

जमिनीखाली हेच, फक्त चूल मोठी. खोल गेलेलं पावसाचं पाणी, गाळात अडकलेलं समुद्राचं पाणी किंवा थंड होणाऱ्या शिलारसातून, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकातून, सुटलेलं पाणी. ते दोनशे-चारशे अंशांना तापतं. खोलवरच्या दाबामुळे वाफ होऊन उडून जात नाही. मीठ त्यात असतंच, बऱ्याचदा समुद्राच्या कित्येक पट. असं पाणी हजारो वर्षं खडकांच्या भेगांतून फिरतं आणि वाटेत तांबं, शिसं, जस्त गोळा करत जातं. कळकलेलं पाणी. खडकात तांबं टनामागे काही दशक ग्रॅम. खाण परवडायला हवी तर टनामागे पाचेक किलो तरी हवं. शंभर पट गोळा करण्याचं काम या पाण्यानं केलेलं असतं. सोन्याचं तर विचारूच नका. पृथ्वीच्या कवचात हजार टन खडकामागे ते एक-दोन ग्रॅम, म्हणजे चमकीएवढंही म्हणवत नाही. खाणीत मात्र एका टनामागे काही ग्रॅम लागतं.

सोन्याला मिठापेक्षा गंधकाचा हात जास्त रुचतो. सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड पाण्यात असला की सोनं त्याच्या आधारानं प्रवास करतं. कोलारसारख्या जुन्या खडकांतल्या सोन्याच्या शिरांमधल्या कुप्या तपासल्या की एक ठरावीक चित्र दिसतं: पाणी फारसं खारट नाही, पण कार्बन डायऑक्साइड भरपूर, तापमान साधारण दोनशे ते चारशे अंशांत. या खुणा इतक्या पक्क्या आहेत की नुसत्या कुप्या पाहून जाणकार सांगतो, ही शीर कोलारच्या घराण्यातली, की शिलारसाच्या माथ्यावरच्या तांब्याच्या खाणींच्या. तांब्याच्या त्या खाणींत कुप्या अतिखारट निघतात, मिठाचे घन बसलेल्या.

उचललेलं कुठेतरी ठेवावंही लागतं. कळकलेलं पाणी तसंच वाहत राहिलं तर खाण होत नाही. काहीतरी बिनसायला लागतं. पाणी थंड होतं, किंवा चुनखडीला भिडून त्याचं आम्ल मारलं जातं, किंवा दुसऱ्या गार पाण्यात मिसळतं. सन १९७९ मध्ये पॅसिफिकच्या तळाशी शास्त्रज्ञांना काळा धूर ओकणारी धुराडी दिसली. तो धूर नव्हताच. साडेतीनशे अंशांचं पाणी समुद्राच्या थंडगार पाण्यात शिरल्याबरोबर त्यातले धातू गंधकाशी बांधले जाऊन काळी भुकटी होऊन पडत होते. डोळ्यांसमोर खाण तयार होत होती.

सगळ्यांत नाट्यमय प्रकार उकळण्याचा. सोडावॉटरची बाटली बंद असते तोवर शांत. बूच काढलं की फसफसते. भूकंपानं खडकात भेग उघडली की आतलं पाणी अचानक मोकळं होतं, दाब कोसळतो, पाणी एकदम उकळतं. वायू निघून जातात, त्यांच्याबरोबर हायड्रोजन सल्फाइडही. सोन्याचा आधारच गेला, ते तिथल्या तिथे गारगोटीत बसतं. मग भेग भरून बंद होते, दाब पुन्हा साठतो, पुन्हा भूकंप. सोन्याच्या शिरेत दिसणारे थरावर थर म्हणजे या उघडझापीची वहीच.

आणि हे उकळणं कुप्यांमध्ये जसंच्या तसं पकडलेलं सापडतं. एकाच स्फटिकाच्या एकाच थरात काही कुप्या पाण्यानं भरलेल्या, बुडबुडा लहान. शेजारच्याच कुप्या जवळजवळ नुसत्या वाफेच्या. दोन्ही एकाच वेळी कोंडल्या गेल्या म्हणजे त्या क्षणी पाणी उकळत होतं. खाणीच्या शोधात असलेल्या माणसाला हे पाहून घाम फुटतो, आनंदानं. कारण उकळी ज्या खोलीवर आली तिथेच सोनं पडलेलं असण्याची शक्यता जास्त. छिद्रं पाडून काढलेल्या गाभ्यांतल्या कुप्या ओळीनं मोजत गेलं तर ताप कुठल्या बाजूला वाढतोय ते कळतं, आणि पुढचं छिद्र कुठे पाडायचं तेही. एका छिद्राला लागणारा पैसा पाहिला तर सूक्ष्मदर्शकासमोर घालवलेला महिना स्वस्तच पडतो.

यात फसगत होत नाही असं मात्र नाही. स्फटिक तयार झाल्यावर तो कधीतरी तडकतो, नवं पाणी शिरतं, तडा भरून येतो आणि त्या ओळीत नव्या कुप्या बसतात. आधीच्या पाण्याच्या म्हणून या मोजल्या तर सगळं गणित चुकतं. वाडा पेशवाईतला, पण भिंतीतलं दुरुस्तीचं सिमेंट गेल्या वर्षीचं. सिमेंट तपासून वाड्याचं वय काढाल तर काय होईल? म्हणून कुपी स्फटिकाच्या वाढीच्या थरात आहे की भरलेल्या तड्यात, हे आधी पाहायचं. शिवाय बुडबुडा ज्या तापमानाला जातो ते फक्त किमान तापमान. खोलवर दाबाखाली कोंडलं असेल तर खरा ताप त्याहून जास्तच. पाणी उकळत असताना कोंडलं गेलं असेल, तेव्हाच आकडा नेमका मिळतो.

आता नाशिककरांचा नेहमीचा प्रश्न. पोकळ्या आपल्याकडे, गरम पाणी आपल्याकडे, मग तांब्याच्या खाणी का नाहीत? आपल्या कातळात तांबं काही कमी नाही, टनामागे शंभर-दोनशे ग्रॅम सहज असतं. अमेरिकेत मिशिगन राज्याच्या उत्तर भागात क्यूविनॉ नावाचा प्रदेश आहे. तिथेही आपल्यासारखाच लाव्हा, फक्त शंभर कोटींहून जास्त वर्षं जुना. तिथल्याही लाव्हात अशाच पोकळ्या. पण त्या पोकळ्यांत झिओलाइटच्या जोडीला चक्क शुद्ध तांबं भरलेलं सापडलं, आणि १८४० च्या दशकापासून शंभरहून जास्त वर्षं लोकांनी ते उपसलं. तिथे लाव्हाचे थर कित्येक किलोमीटर जाड होते, खालचे थर खोल गाडले गेले, चांगले भाजले गेले आणि त्यांच्यातून सुटलेलं गरम पाणी तांबं घेऊन वर आलं. आपला लाव्हा इतका खोल कधी गाडलाच गेला नाही. आपलं पाणी कोमटच राहिलं. त्यानं सिलिका आणि कॅल्शियम हलवलं, तांबं जागच्या जागी ठेवलं. चूल लावली, पण आच कमी पडली.

तरी एक गंमत आहे. पांडवलेण्याच्या बाजूच्या खाणींत पॉवेलाइट नावाचं पिवळसर खनिज सापडतं. अतिनील दिव्याखाली ते पिवळं चमकतं. ते म्हणजे कॅल्शियम आणि मॉलिब्डेनम. पोलादात घालतात तोच मॉलिब्डेनम, आणि तो कातळात अगदी नावाला असतो, टनामागे ग्रॅमभर. तरीही कुठल्यातरी पाण्यानं तेवढा वेचून पोकळीच्या कोपऱ्यात स्फटिक केला. खाण होण्याइतका नाही, पण गोळा करण्याची खोड नाशिकच्या पाण्यालाही होती, एवढं त्यावरून कळतं.

आपल्या झिओलाइटमधल्या कुप्यांबद्दल एक सावधगिरी. झिओलाइटच्या अंगातच पाणी असतं, तापवलं की ते सुटतं. १७५६ साली क्रोनस्टेट या स्वीडिश माणसानं नाव ठेवलं तेच मुळी 'उकळणारा दगड' अशा अर्थाचं. त्यामुळे त्यातल्या कुपीवर फार भरवसा टाकता येत नाही, शेजारच्या गारगोटीला किंवा कॅल्साइटला विचारावं लागतं. कधी कुपीत बुडबुडाच नसतो, नुसतं पाणी. तो दोष नाही. पाणी साधारण पन्नास अंशांच्या खाली असताना कोंडलं असेल तर बुडबुडा होण्याइतकं ते आकसतच नाही. म्हणजे बुडबुडा नसणं हाही ताप मोजूनच झाला.

तर माझी सहाशे रुपयांची गोटी. ती चोख स्फटिक नव्हे, अकीक जातीची आहे. भिंगातून पाहिलं तर पट्टे दिसतात. अकीक बाहेरून घट्ट दिसला तरी त्याच्या अंगात अतिसूक्ष्म छिद्रं असतात. त्यातून पाणी फार सावकाश बाहेर जाऊ शकतं आणि ओल्या जमिनीत असताना आतही येऊ शकतं. म्हणून आतलं पाणी पोकळी झाली तेव्हाचं आहे असं शपथेवर सांगता येत नाही. स्फटिकासारख्या गारगोटीतल्या बंद कुपीबद्दल सांगता येतं, या गोटीबद्दल नाही.

पुढच्या खेपेला त्या पोराला हे सांगितलं. तो गोटी माझ्या हातून घेऊन उन्हात धरून बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हंजी ही उन्हात ठेवायची नाही तर, काका. पाणी उडून बुडबुडा मोठा होईल."

बरोबर होतं त्याचं. त्या दिवसापासून गोटी देवघरात, तांब्यातल्या पाण्यात बुडवून ठेवली आहे.